टेबलाचं दावं

पूर्णिमाला यादी केल्याशिवाय भाजी आणायलाही जमत नसे, मग हा तर धंदा होता. कोल्हापुरात महिनाभराचा कोर्स करून आलेली ही मुलगी. कुत्र्यांची आंघोळ, केस, नखं, कान, सगळं शिकून प्रमाणपत्र घेऊन आली आणि बेळगावच्या शाळेतली ऑफिसची नोकरी सोडली, तेव्हा तिच्या गावातल्या, सांबऱ्यातल्या लोकांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नाही. मारुतीरावांची लेक कुत्र्यांची हजामत करणार, ही बातमी डेअरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांनी चवीचवीने चघळली.

मारुतीरावांनी लोकांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. रस्त्याकडेची खताची खोली त्यांनी रिकामी केली, खाली फरशी घातली, भिंती पांढऱ्या करून घेतल्या. विमानतळाच्या रस्त्याला बंगले वाढले होते, बंगल्यांत कुत्री वाढली होती, त्यामुळे पोरीचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. "चार म्हैनं बघ," ते म्हणाले. "न्हाय जमलं तर शाळा कुठं पळून जात न्हाय." शाळेने तिच्या जागी दुसऱ्याच आठवड्यात माणूस घेतला होता. हे पूर्णिमाने बापाला सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळे तिला दुकान चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तर यादी. रबर घातलेलं टेबल, त्याला वाकडा दांडा आणि दांड्याला लूप. केस कापायचा क्लिपर आणि त्याची पाती. तारांचा ब्रश, गुंता सोडवायचा फणा, नखांचं कटर, नखातून रक्त आलं तर दाबायची पावडर, कानाला कापूस, जोरात हवा फेकणारा ड्रायर, टब, चावऱ्या कुत्र्यांसाठी तोंडाची जाळी. एवढं सगळं नवं घेणं झेपणारं नव्हतं. मोबाइलवर शोधता शोधता तिला निपाणीतल्या एका बंद पडलेल्या दुकानाची जाहिरात दिसली. सगळं सामान एकाच ठिकाणी, एकदम द्यायचं होतं.

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागे ते घर होतं. सामान दाखवायला आली ती नागुबाई, साठीची, बारीक, कमी बोलणारी बाई. दुकान तिच्या मुलाचं, रविराजचं. "गेला त्यो. तीन वर्सं झाली," एवढंच ती म्हणाली, आणि कसा गेला हे विचारायला पूर्णिमाची जीभ रेटली नाही. सामान मात्र लखलखीत होतं. पाती तेल लावून कागदात गुंडाळलेली, ब्रश धुऊन ठेवलेले. टेम्पोत सगळं चढलं तेव्हा पूर्णिमाने यादी काढली आणि एकेका ओळीवर खूण करत गेली.

"आक्का, टेबलाचा लूप ऱ्हायला बघा."

लूप म्हणजे दांड्याला टांगायचा पट्ट्याचा फास. कुत्र्याच्या गळ्यात घातला की ते टेबलावरून उडी मारत नाही, बसतही नाही, काम होईपर्यंत उभं राहतं. नागुबाईच्या चुलीशेजारच्या खुंटीला तो लाल पट्टा लटकत होता, पूर्णिमाला दारातूनच दिसला होता.

"ते ऱ्हाऊ दे," नागुबाई म्हणाली. "ते देत न्हाय आमी. तू नवं घे बाय."

"नवं या दांड्याला बसायचं न्हाय. त्याबिगर टेबल घिऊन मी काय करू?"

नागुबाई खुंटीपाशी गेली. मग तिने पट्टा काढला, पदराने पुसला आणि पूर्णिमाच्या हातात दिला. "तू मागून घेतलंस हां. मी दिलं न्हाय."

आता शेतकऱ्याच्या पोरीला एवढ्यावरून कळायला हवं होतं. बैल विका, म्हैस विका, दावं विकायचं नसतं. ते घरात ठेवून घ्यायचं आणि घेणाऱ्याने आपलं नवं आणायचं, हे पूर्णिमाने लहानपणापासून गोठ्यात पाहिलेलं. पण कोर्सच्या पुस्तकात त्याचं नाव लूप होतं, फोटोसकट, आणि पुस्तकातल्या वस्तूला गोठ्यातला नियम लागतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चार बुकं शिकलं की घरचं विसरायला होतं, त्यात पूर्णिमा काही जगावेगळी नव्हती.

दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक प्रमोदिनीबाई, बेळगावात कॉलेजात शिकवणाऱ्या, नुकत्याच इकडे बंगला बांधून आलेल्या. त्यांचा ब्रूनो म्हणजे दांडगा काळा लॅब्रॉडोर. तो सोफा, पलंग, गाडीचं बॉनेट असं दिसेल त्यावर चढणारा. टबात त्याने आनंदाने आंघोळ करून घेतली, अर्धी पूर्णिमालाही घातली. मग टेबलापाशी आला आणि थांबला.

त्याने मान वर केली. टेबलावर, हातभर उंचीवर, रिकाम्या हवेत तो हुंगू लागला. आधी पुढच्या बाजूला, मग मागच्या बाजूला, एक कुत्रं दुसऱ्याला हुंगतं तसा, सावकाश आणि रीतसर. शेपूट दोनदा हलली. नंतर तो मागे सरला आणि भिंतीला टेकून बसला.

"अगं, हा नंबर लावून बसल्यासारखा का बसलाय?" प्रमोदिनीबाई हसल्या.

पूर्णिमाही हसली. ब्रूनो मात्र टेबलाकडे बघत अर्धा तास बसून राहिला. शेवटी त्याला खाली फरशीवरच वाळवावं लागलं.

पुढच्या दोन आठवड्यांत अकरा कुत्री आली आणि अकराच्या अकरा कुत्र्यांनी तेच केलं. एक अल्सेशियन दारातूनच मागे सरला. एका पिल्लाने टेबलाकडे बघून पुढचे पाय टेकले, ढुंगण वर केलं आणि खेळायला बोलावल्यासारखं भुंकलं. एका छोट्या कुत्रीला पूर्णिमाने उचलून वर ठेवलं, तर ती टेबलाच्या काठावर अंग चोरून उभी राहिली. एवढं मोठं टेबल मोकळं असताना तिने मधली जागा सोडली होती.

दोन गोष्टी पूर्णिमाने कुणाला सांगितल्या नाहीत. रोज झाडताना टेबलाखाली पांढरे केस निघत, आणि आजवर पांढरं कुत्रं एकही आलं नव्हतं. दुसरी गोष्ट त्या लूपची. टांगलेला पट्टा सरळ खाली लोंबायला हवा. हा जरासा पुढे ओढलेला असायचा, ताणलेला. तिने तो बोटाने मागे ढकलला, तर तो हळूच परत पुढे आला. फास लहानमोठा करायचं त्याचं सरकतं कुलूप एका लहान मानेच्या मापावर घट्ट बसलं होतं आणि पकडीनेही हलत नव्हतं. भर दुपारी, समोर रस्त्यावरून बसगाड्या जात असताना तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

तिने तो काढला आणि लांबच्या भिंतीला खिळ्यावर अडकवला. दुसऱ्या दिवसापासून कुत्री त्या भिंतीकडे बघायला लागली. मग ती आतच येईनात. बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, त्या दुकानात जनावरं घाबरतात, काहीतरी मारहाण होत असणार. हे वाचून पूर्णिमा त्या रिकाम्या टबाच्या काठावर बसून रडली. आयुष्यात तिने कुत्र्यावर हात उगारला नव्हता, आणि आता तोच डाग लागून दुकान बुडणार होतं.

मारुतीराव चहा घेऊन आले ते भिंतीजवळच थबकले. सगळा जन्म गोठ्यात गेलेला माणूस. त्यांनी पट्ट्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं.

"हे कुनाचं दावं गं?"

"दावं न्हाय आप्पा, लूप हाय. निपाणीच्या सामानातला."

"त्यांनी दिलं?"

पूर्णिमा टबाच्या काठावरून उठली. मग म्हणाली, "मी मागून घेतला."

मारुतीरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "दावं एकटं येत न्हाय, पूर्णे. जे बांधलंय ते घिऊन येतं."

"मग कापून टाकते. जाळते." तिने कात्री उचललीसुद्धा.

"खुळी हायस काय? जनावर बांधलेलं असताना दावं जाळतं व्हय कुनी? आधी कुनाचं हाय, कशानं बांधलंय ते इचारून ये."

सकाळच्या बसने ती निपाणीला गेली. पट्टा पिशवीत होता, आणि सगळ्या वाटेत शेजारच्या बाईच्या कडेवरचं पोर तिच्या पायांपाशी बघून "भू भू" म्हणत होतं. नागुबाईने दार उघडलं आणि पूर्णिमाच्या तोंडाकडे न बघता आधी खाली, तिच्या पायांमागे बघितलं.

"आनलंस व्हय त्याला," ती म्हणाली आणि पायरीवर खाली बसली.

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. रविराज दुकानात साखऱ्याचे केस कापत होता. साखऱ्या त्यांचंच कुत्रं, पांढरंशुभ्र, केसाळ. एक अंग झालं होतं. मशीनचं पातं तापलं म्हणून दुसरं आणायला तो शटर खाली ओढून, कुलूप घालून बाहेर पडला. पलीकडे जाऊन लगेच यायचं होतं.

"हायवे वलांडताना उडवलं त्याला. कोल्लापूरला नेलं. आमी समदीच तिकडं. दोन दिस जगला. तिसऱ्या दिशी माती करून घरला आलो, तवा शेजारीन म्हनली, आक्का, तुमच्या दुकानातलं कुत्रं सारकं वरडत हुतं, आज सकाळपासनं गप हाय."

टेबलावर बांधलेल्या कुत्र्याला सोडून दोन पावलंही जायचं नाही, हे पूर्णिमाकडून कोर्सच्या पहिल्या तासाला घोकून घेतलं होतं. ती नुसतीच घोकंपट्टी वाटली होती तेव्हा.

"उन्हाळ्याचं दिस," नागुबाई म्हणाली. "पत्र्याचं दुकान. पानी न्हाय. आनि त्यात बसता बी येत न्हाय गं. तीन दिस उभं हुतं ते."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ती पुढे सांगू लागली.

"दावं घरात आनलं तर मागनं ते बी आलं. चुलीपाशी उभं ऱ्हायचं. मला दिसलं न्हाय कदी, पर मांजर तिथनं वळसा घालून जायची. मला सोबत झाली बघ. रवीचं एवढंच ऱ्हायलं हुतं माज्याकडं. सोडायचं कुनाच्यानं? सोडलं तर जाईल, मग मी कुनाकडं बघू?" तिने डोळे पुसले. "तू मागितलंस, तवा वाटलं, आपल्या हातनं न्हाय सुटत, हिच्या हातनं सुटंल."

"आक्का, मी परत द्यायला आलोय." घाबरली की पूर्णिमा लहानपणासारखी मुलाच्या भाषेत बोलायची.

"नगं. माज्याजवळ दिलंस तर मी परत बांधूनच ठिवीन." नागुबाई उठली. "अर्धं काम हाय ते पुरं कर. रवीनं कवा बी अर्ध्या कामात कुत्रं टेबलावरनं उतरवलं न्हाय. पुरं कर आनि मग सोड."

दुसऱ्या दिवशी दुपारी पूर्णिमाने दुकानाचं दार सताड उघडं टाकलं. बंद खोलीत हे करायची तिची छातीच नव्हती. बाहेर ऊन रखरखत होतं, मारुतीराव दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. तिने लूप पुन्हा दांड्याला लावला. ॲप्रन बांधला. क्लिपर, ब्रश, फणा, कटर, कापूस, सगळं यादीप्रमाणे मांडलं.

क्लिपर घ्यायच्या आधी तिला काय आठवलं कोण जाणे, ती आत गेली आणि पाण्याने भरलेलं भांडं घेऊन आली. टेबलावर ठेवलं. काहीच झालं नाही. मग तिच्या लक्षात आलं की लूपमध्ये मान खाली जात नाही. तिने दोन्ही हातांनी भांडं उचलून पट्ट्याच्या उंचीला धरलं.

आधी पाणी हललं. मग त्यावर बारीक बारीक लाटा उठू लागल्या आणि लपलप आवाज आला, अगदी साधा, कुठल्याही घरात येणारा. भांडं हातात हलकं होत गेलं. पूर्णिमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. भांडं रिकामं झालं, तिने पुन्हा भरून आणलं, तेही रिकामं झालं.

"साखऱ्या," ती म्हणाली. "चल, संपवूया."

तिने हवेत हात नेला. हाताला काही लागलं नाही. पण ब्रश नेला तेव्हा डाव्या बाजूला तो सरळ गेला आणि उजव्या बाजूला अडकला. गुंता होता. तीन वर्षांचा. तिने तो फण्याने टोकापासून सोडवत आणला, न ओढता, शिकवल्याप्रमाणे. तारांत पांढरे केस भरू लागले. क्लिपर सुरू केला, तर मोकळ्या हवेत तो बारीक वाजत होता आणि पुढे नेला की दाट केसांत शिरल्यासारखा घोगरा व्हायचा. त्या आवाजावरच ती चालत राहिली. आवाज बदलला की समजायचं, इथे अंग आहे. खांदा, बरगड्या, मांडी. बरगड्या फारच वर आल्या होत्या. तापू लागलेलं पातं तिने काढलं आणि हाताशी ठेवलेलं दुसरं लावलं. टेबलापासून ती एक पाऊलही हलली नाही.

पांढऱ्या, पिवळट पडलेल्या केसांचा ढीग फरशीवर वाढत गेला. नखं कापताना कटरचा कट् असा आवाज आला, सोळा वेळा पायांची, दोन वेळा अंगठ्यांची. कानातून कापूस काळा होऊन निघाला. भीती कधी गेली ते पूर्णिमाला कळलंच नाही. हात कामाला लागले की तिचं असंच व्हायचं.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. प्रमोदिनीबाई ब्रूनोला घेऊन उतरल्या. व्हॉट्सॲपवरचं वाचून त्यांना लिहिणाऱ्याचा राग आला होता, आणि शहानिशा केल्याशिवाय कुणाला नावं ठेवायची नाहीत असा त्यांचा स्वभाव. मारुतीरावांनी बोटानेच त्यांना थांबवलं. त्यांना दिसलं ते एवढंच, की रिकाम्या टेबलाशी उभी राहून पूर्णिमा हवेतल्या हवेत कुणाचंतरी तोंड पुसते आहे. ब्रूनो न सांगता खाली बसला.

पूर्णिमाने कुलपावर अंगठा ठेवला. पकडीने न हललेलं ते कुलूप अलगद सरकलं. पट्टा सैल झाला आणि सरळ खाली लोंबू लागला.

"झालं," ती म्हणाली. "जा बाळा."

आधी काहीच हललं नाही. मग अंग झाडल्याचा फडफड आवाज खोलीभर आला आणि टेबलाचा एक पाय किंचित कुरकुरला. ब्रूनोची नजर टेबलावरून फरशीवर आली, फरशीवरून दाराकडे सरकली. तो उठला आणि उंबऱ्यातून बाजूला झाला, पुरेशी वाट सोडून. मग त्याने मान वळवून रस्त्याकडे बघितलं, बेळगावकडे जाणाऱ्या वळणापर्यंत, आणि बघतच राहिला. मारुतीराव खुर्चीतून उठून उभे राहिले होते.

ब्रूनोने मग आळस दिला, आत आला आणि एका उडीत टेबलावर चढला. बरोबर मध्यभागी.

पूर्णिमाला हसू आलं आणि रडूही आलं. दुकान राहिलं होतं. प्रमोदिनीबाई भिंतीशी टेकून "हे मी काय पाहिलं" असं दोनतीनदा पुटपुटल्या, मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी फोन काढून ग्रुपवर काहीतरी लांबलचक लिहायला घेतलं. ब्रूनोचा एक कान साफ झाला होता, दुसरा व्हायचा होता, तोच पूर्णिमाचा फोन वाजला. नागुबाई होती.

"आक्का," पूर्णिमा म्हणाली. या बाईजवळ होतं नव्हतं ते आपण आज उघड्या दारातून घालवून दिलं, हे तिला आत्ता, तो आवाज ऐकून, पहिल्यांदा लागलं. "आक्का, काम पुरं केलं मी. सोडलं त्याला. गेला त्यो. माफ करा मला."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आक्का? ऐकताय न्हवं?"

"हळू बोल की गं," नागुबाई कुजबुजली. "आत्ताच आलाय. आधी सगळं घर हुडकलं त्यानं, पावलं ऐकली मी, रवीच्या खोलीत दोनदा जाऊन आला. मला वाटलं आता जातोय. तर माज्या मांडीशेजारी आलाय आनि बसलाय. लुगड्याचा काठ दबलाय बघ, मला उठता बी येत न्हाय."

पूर्णिमाने फोन कानाशी घट्ट धरला.

"बसलाय गं पोरी," नागुबाई म्हणाली. "झोप लागायला लागलीया त्याला."